उत्तर कोकणातील कॅथलिक बालकांचे धर्मशिक्षण : घर, धर्मग्राम आणि जव्हार-मोखाड्याचा प्रश्न

१. विषयाची मांडणी

धर्मप्रसाराचा इतिहास लिहिताना आपले लक्ष बहुधा राजाज्ञा, तह, मठ आणि चर्चच्या इमारती यांकडे जाते. ही साधने महत्त्वाची आहेत. परंतु एखादा धर्म एखाद्या प्रदेशात रुजला की नाही, हे केवळ पहिल्या पिढीच्या स्वीकारावरून ठरत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीतील मूल तो धर्म कोणाकडून, कोठे आणि कोणत्या भाषेत शिकले, यावर ते अवलंबून असते. या दृष्टीने पाहता मुलांच्या धर्मशिक्षणाचा इतिहास हा धर्मेतिहासाचा गाभाच ठरतो.

उत्तर कोकणातील कॅथलिक समाजाच्या बाबतीत हा प्रश्न विशेष उद्बोधक आहे. आजच्या पालघर जिल्ह्याच्या पश्चिमेस वसईचा पट्टा आहे. तेथे कॅथलिक धर्मग्रामांची परंपरा सोळाव्या शतकापर्यंत मागे जाते. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेस, सह्याद्रीच्या उतारावर, जव्हार आणि मोखाडा हे तालुके आहेत. पोर्तुगीज काळात तेथे धर्मग्रामांची घडी कधीच बसली नाही. दोन्ही भाग आज एकाच धर्मप्रांतात मोडतात. मुंबईच्या महाधर्मप्रांतातून २२ मे १९९८ रोजी वसईचा धर्मप्रांत वेगळा झाला आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. अशा रीतीने चार शतकांहून अधिक वयाची परंपरा आणि अगदी अलीकडची सुरुवात या एका प्रशासकीय चौकटीत शेजारी शेजारी उभ्या आहेत.

प्रस्तुत निबंधात एकच मुद्दा मांडावयाचा आहे. धर्मशिक्षणाला दिशा असते. कधी ते धर्मग्रामाकडून मुलाकडे व मुलाकडून घराकडे वाहते. कधी ते घराकडून मुलाकडे वाहते व धर्मग्राम त्यावर संस्काराची मोहोर उमटवतो. या दोन दिशांतील भेद ध्यानात घेतल्याखेरीज वसईची परंपरा का टिकली आणि जव्हार-मोखाड्याचा प्रश्न का वेगळा आहे, हे दोन्ही उलगडत नाही.

२. मुलाकडून घराकडे

२३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशाहाने वसई व तिचा प्रदेश पोर्तुगीजांच्या हवाली केला. त्यानंतर फ्रान्सिस्कन व पुढे जेझुइट धर्मगुरू या भागात आले. साष्टीतील मंडपेश्वर येथे फ्रान्सिस्कनांनी सोळाव्या शतकाच्या मध्यास चर्च व मुलांसाठी विद्यालय स्थापन केले. मूल हेच या कार्याचे प्रवेशद्वार होते, हे येथे स्पष्ट दिसते.

या पद्धतीचा सर्वांत प्रसिद्ध प्रवर्तक म्हणजे फ्रान्सिस झेवियर. मे १५४२ मध्ये तो गोव्यात उतरला. हातात घंटा घेऊन तो रस्त्यांतून फिरे आणि मुलांना व दासांना धर्मपाठासाठी बोलावी, ही हकीकत सर्वश्रुत आहे. १५४४ च्या जानेवारीत कोचीनहून पाठविलेल्या पत्रात त्याने दक्षिणेकडील मोती काढणाऱ्यांच्या किनाऱ्यावरील आपल्या पद्धतीचे वर्णन केले आहे. मुलांनी प्रार्थना पाठ कराव्यात आणि त्या घरी जाऊन आईबापांना, घरच्या माणसांना व शेजाऱ्यांना शिकवाव्यात, अशी त्याची योजना होती. मुले वडीलधाऱ्यांना मूर्तिपूजेबद्दल दोष देतात व तशी वार्ता आपल्याकडे आणतात, हेही तो समाधानाने नमूद करतो.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने या पत्रातील उत्साहाबरोबर त्यातील रचनाही पाहिली पाहिजे. येथे ज्ञानाचा प्रवाह नेहमीच्या उलट आहे. सामान्यतः आजी नातवाला शिकवते. येथे नातू आजीला शिकवतो. सामान्यतः घर मुलाच्या वर्तनावर लक्ष ठेवते. येथे मूल घरावर लक्ष ठेवते. धर्म नवा असताना असा उलटा प्रवाह काही अंशी अटळ असतो. पण त्याची किंमत घराला मोजावी लागते, आणि कित्येकदा ती मुलालाही मोजावी लागते.

हीच दिशा राजसत्तेने हाती घेतली तेव्हा काय घडले, याचे उदाहरण १५५९ च्या राजाज्ञेत मिळते. ज्यांचे आईबाप व आजीआजोबा हयात नाहीत अशा हिंदू अनाथ मुलांना ताब्यात घेऊन त्यांना ख्रिस्ती धर्माचे शिक्षण द्यावे, असे पोर्तुगालच्या राजाच्या नावे फर्माविण्यात आले. पुढे वडील वारले असता आई हयात असलेल्या मुलांपर्यंत या नियमाची व्याप्ती वाढली. वास्तविक तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने 'सुम्मा थिओलॉजिका'त या प्रश्नाचा विचार करून, आईबापांच्या इच्छेविरुद्ध इतरधर्मीयांच्या मुलांना स्नानसंस्कार देणे हे नैसर्गिक न्यायाला सोडून आहे, असा निर्णय दिला होता. १५६७ साली गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेनेही बळजबरीने कोणास धर्मात आणू नये, असे म्हटले. तरीही अनाथांविषयीचा नियम चालूच राहिला, कारण 'पालकच नाहीत' या सबबीखाली पालकांच्या संमतीचा प्रश्न बाजूला सारता येत असे. आई हयात असताना तीच सबब पुढे करण्यात आली, तेव्हा तिचा पोकळपणा उघड झाला. उत्तर कोकणातील कॅथलिक समाजाच्या आरंभकाळाचे मूल्यमापन करताना ही बाजू झाकून ठेवणे इतिहासाला धरून होणार नाही.

३. प्रश्नोत्तरांचा ग्रंथ आणि ओव्यांचा ग्रंथ

पहिल्या पिढीनंतर धर्मशिक्षणाचे स्वरूप बदलले. या बदलाचा उत्तम पुरावा फादर थॉमस स्टीफन्स याच्या दोन ग्रंथांत मिळतो. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला व १६१९ साली तेथेच निवर्तला. त्याचा 'क्रिस्तपुराण' हा ग्रंथ १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापला गेला. 'दौत्रिन क्रिस्तां' हा दुसरा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६२२ साली तेथेच प्रसिद्ध झाला.

या दुसऱ्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावरच त्याचे प्रयोजन दिले आहे. मुलांना शिकविण्यासाठी संवादरूपाने रचलेला असे त्याचे वर्णन तेथे आढळते. मार्कोस जॉर्ज या पोर्तुगीज जेझुइटाच्या अशाच प्रश्नोत्तररूप ग्रंथाचा नमुना त्यामागे होता. कोकणी भाषेतील हे पहिले मुद्रित पुस्तक मुलांसाठी असावे, ही गोष्ट वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीनेही लक्षणीय आहे. प्रश्नोत्तराची ही पद्धत धर्मग्रामाची पद्धत होय. गुरूने विचारावे, शिष्याने ठरलेल्या शब्दांत उत्तर द्यावे. उत्तर बिनचूक आले की पाठ पुरा झाला. मोठ्या समुदायाला थोड्या शिक्षकांकरवी समान शिक्षण देण्यास ती सोयीची होती, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या मुलालाही ती आत्मसात करता येत असे.

'क्रिस्तपुराणा'चे प्रयोजन याहून निराळे आहे. ग्रंथाच्या आरंभी धर्मांतरित ब्राह्मणाच्या तोंडून एक मागणी आली आहे. तिचा आशय असा की, जुनी पुराणे आमच्याकडून काढून घेतली, तर त्यांच्या जागी ऐकण्यासारखे काही दिले पाहिजे. म्हणजे प्रश्नोत्तरे पाठ होऊनही घरात एक पोकळी उरली होती. पूर्वी संध्याकाळी, सणावारी, चातुर्मासात जी कथा कानी पडे, तिची जागा रिकामी होती. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाने ती जागा भरण्याचा यत्न केला. वरचेवर त्याच्या आवृत्त्या निघाल्या (१६४९ व १६५४), चर्चमध्ये व घरी त्याचे वाचन होत राहिले, मंगळूर येथे १९०७ साली सालढाणा यांनी व पुण्यात १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी त्याच्या नव्या आवृत्त्या काढल्या. त्याची काव्यगुणांसाठी प्रशंसा पुष्कळ झाली आहे. प्रस्तुत संदर्भात महत्त्वाचे इतकेच की, मुलाला केवळ उत्तर देऊन भागत नाही, त्याला कथा लागते आणि कथा सांगणारे माणूस लागते, ही गोष्ट स्टीफन्सने ओळखली होती. प्रश्नोत्तरांचे पुस्तक धर्मग्रामासाठी आणि पुराण घरासाठी, अशी कामाची वाटणी या दोन ग्रंथांत अप्रत्यक्षपणे झालेली दिसते.

४. १७३९ नंतर : घराचा कालखंड

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्यापुढे वसईचा किल्ला शरण आला आणि उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्ता दमणपुरती उरली. युरोपीय धर्मगुरूंचे मठ उठले, किल्ल्यातील देवालये ओस पडली, चर्चना मिळणारा राजाश्रय संपला. जो समाज राजसत्तेच्या बळावर निर्माण झाला असे मानले जाते, तो राजसत्ता जाताच विरून जावयास हवा होता. तसे घडले नाही. १७६० च्या अखेरीस साष्टीतून प्रवास करणारा फ्रेंच प्रवासी आंकेतिल द्यु पेरों याला मराठी अंमलाखालीही ख्रिस्ती वस्ती व तिची उपासना चालू असल्याचे दिसून आले. एतद्देशीय धर्मगुरू थोडे होते व त्यांना विस्तृत प्रदेश सांभाळावा लागे. अशा स्थितीत मुलांना धर्म कोणी शिकविला?

या प्रश्नाचे उत्तर समाजाच्या नित्याचारातच सापडते. वसई-साष्टीच्या कॅथलिक घरांत संध्याकाळची जपमाळ हा दिवसाचा ठरलेला भाग होता. गोव्यात तिला 'तेर्स' म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज भाषेतील 'तृतीयांश' या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. पंधरा दशकांच्या संपूर्ण माळेचा तिसरा हिस्सा रोज म्हणावयाचा, असा त्याचा संकेत. जपमाळेची रचना पाहिली तर ती घरगुती शिक्षणास किती अनुकूल आहे, हे ध्यानात येते. एकाने अर्धी प्रार्थना म्हणावयाची व बाकीच्यांनी उरलेली पूर्ण करावयाची. पन्नास वेळा तेच शब्द कानी पडतात. मध्ये ख्रिस्तचरित्रातील प्रसंगांचे स्मरण होते. पुस्तक लागत नाही, धर्मगुरू लागत नाही, दिवाही एकच पुरतो. मांडीवरचे मूल प्रथम नुसता नाद ऐकते, मग शेवटचा शब्द म्हणते, आणि पाच-सहा वर्षांचे होईतो संपूर्ण प्रार्थना त्याच्या मुखी बसते. हे शिक्षण देणारी व्यक्ती बहुधा आजी असे.

घराबाहेर पडले की क्रूस येई. वाड्याच्या तोंडाशी, शेताच्या बांधावर, पाणवठ्याजवळ उभारलेल्या क्रुसापाशी आळीतील मंडळी जमून स्तवनाची माळ गात. १८९६ नंतरच्या प्लेगच्या साथीत मुंबई परिसरातील गावठाणांत असे अनेक क्रूस उभे राहिले. रोगभयाने चर्चपर्यंत जाणेही कठीण झाले असता आळीनेच आपले उपासनास्थान निर्माण केले. याच रीतीने शेतीच्या हंगामाशी जोडलेला 'आगेरा', म्हणजे नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन त्यांवर आशीर्वाद घेण्याचा सण, आणि लग्नातील 'उंबराचे पाणी' यांसारखे विधी मुलांच्या नजरेसमोर घडत. त्यांतील काही विधी शेजारच्या हिंदू समाजाशी समान होते. पुष्कळ धर्मगुरूंना ही सरमिसळ रुचत नसे. परंतु मुलाच्या दृष्टीने पाहता, धर्म म्हणजे आपले शेत, आपली आळी आणि आपली माणसे, ही जाणीव याच आचारांनी घडविली.

भाषेचा मुद्दाही येथे निर्णायक आहे. चर्चमधील विधी लॅटिनमध्ये होत. कागदपत्रे पोर्तुगीजमध्ये असत. घरी मात्र सामवेदी ख्रिस्ती समाजाची कादोडी, वाडवळांची वाडवळी, कोळ्यांची कोळी बोली चाले. लॅटिन विधी आणि घरची बोली यांमधील दुवा घरातील मोठी माणसेच असत. मिस्सेत काय चालले आहे हे मुलाला कोणी समजावून दिलेच, तर ते आईने, तिच्या बोलीत, चर्चमधून परत येताना.

येथे आपल्या प्रतिपाद्याचा पहिला अर्धा भाग सिद्ध होतो. सोळाव्या शतकात मुलाकडून घराकडे वाहणारा प्रवाह अठराव्या शतकापर्यंत फिरला होता. तो घराकडून मुलाकडे वाहू लागला होता. राजाश्रय गेला तेव्हा समाज टिकला, तो या फिरलेल्या प्रवाहामुळे. १५५९ च्या राजाज्ञेने जे घर ओलांडून जावयाचे ठरविले होते, त्याच घराने पुढे धर्माला आश्रय दिला, हा इतिहासातील मोठा विरोधाभास म्हटला पाहिजे.

५. वर्गाचे आगमन

विसाव्या शतकात धर्मशिक्षणाला शाळेचे रूप आले. दहावे पायस यांनी १९०५ सालच्या परिपत्रकात प्रत्येक धर्मग्रामात रविवारी व सणाच्या दिवशी मुलांना तासभर धर्मशिक्षण देण्याचा दंडक घातला. ८ ऑगस्ट १९१० च्या आज्ञापत्राने प्रथम ख्रिस्तप्रसाद स्वीकारण्याचे वय सुमारे सात वर्षे, म्हणजे बुद्धी उमलू लागण्याचे वय, असे ठरविले. त्यापूर्वी अनेक देशांत दहा, बारा किंवा चौदा वर्षांपर्यंत मुलांना थांबावे लागे. या निर्णयाचा परिणाम दूरगामी झाला. सात वर्षांच्या मुलाची तयारी करावयाची तर वर्ग हवा, पुस्तक हवे, परीक्षा हवी. मूल योग्य झाले की नाही हे वडिलांनी व पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूने ठरवावे, असे त्याच आज्ञापत्रात म्हटले होते; परंतु व्यवहारात हा निर्णय हळूहळू वर्ग घेणाऱ्याकडे गेला.

याच सुमारास उत्तर कोकणात धर्मग्रामांच्या शाळा वाढल्या. १९२८ साली दमणचा धर्मप्रांत रद्द होऊन पोर्तुगीज आश्रयाखालील धर्मग्राम मुंबईच्या महाधर्मप्रांतात सामील झाले. त्यामुळे एकाच गावात दोन धर्मसत्तांचा जो जुना झगडा होता तो मावळला आणि शिक्षणव्यवस्थेस एकसूत्रीपणा आला. वसईच्या पट्ट्यात मराठी माध्यमाच्या शाळांतून शिकलेली, मराठीत लिहिणारी कॅथलिक पिढी घडली. पुढे 'सुवार्ता' मासिक व त्याचे १९८३ ते २००७ या काळातील संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या लेखनात या पिढीचा आवाज उमटला.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) दोन गोष्टी केल्या. उपासनेत लोकभाषेला स्थान मिळाल्यामुळे मिस्सा मराठीत होऊ लागली आणि लॅटिन व बोली यांमधील दुभाष्याची आईची भूमिका उरली नाही. दुसरे असे की, नोव्हेंबर १९६४ च्या धर्मसभाविषयक दस्तऐवजात कुटुंबाला 'घरातील धर्मसभा' असे म्हटले गेले आणि ऑक्टोबर १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात आईबाप हेच मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक होत, असे सांगितले गेले. ज्या वेळी वर्ग प्रबळ होऊन घराचे काम आपल्याकडे घेत होता, त्याच वेळी घराच्या अग्रहक्काची घोषणा व्हावी, यात योगायोगापेक्षा अधिक काही आहे. जी गोष्ट सहज घडत असते तिची घोषणा करण्याची गरज सहसा पडत नाही.

आज वसईच्या पट्ट्यातही शेती मागे पडून मुंबईची नोकरी आली, लोकलच्या वेळापत्रकाने संध्याकाळ खाल्ली, आणि एकत्र कुटुंबाबरोबर आजीही दूर गेली. रविवारचा वर्ग नियमित भरतो. पण त्यात शिकलेले शब्द आठवडाभर ज्या ओसरीवर घोळावयाचे ती ओसरी आक्रसली आहे. ज्या समाजाने दोन शतके घराच्या बळावर धर्म राखला, त्याच्यापुढे आता वर्गाच्या बळावर तो राखण्याचा प्रश्न आहे.

६. जव्हार-मोखाडा : पूर्वेकडील सीमा

वसईहून पूर्वेस निघालेला अभ्यासक जसजसा घाट चढू लागतो, तसतसे जुने क्रूस मागे पडतात. याला ऐतिहासिक कारण आहे. पोर्तुगीज सत्ता ही किनारपट्टीची सत्ता होती. मनोर व अशेरी ही तिची आतल्या बाजूची ठाणी. त्यापलीकडे जव्हारचे मुकणे घराणे राज्य करीत होते. महादेव कोळी जमातीतील या घराण्याची सत्ता चौदाव्या शतकापासून चालत आल्याचे परंपरा सांगते. १६६४ मध्ये सुरतेकडे जाताना शिवाजी महाराज जव्हारजवळ शिरपामाळ येथे थांबले होते, अशी आठवण तेथे आजही जपली जाते. १६७२ साली मराठी फौजांनी जव्हार जिंकले. संस्थान म्हणून त्याचे अस्तित्व १९४८ पर्यंत, मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत टिकले. धर्मग्रामांची जी घडी सोळाव्या शतकात किनाऱ्यावर बसली, ती या डोंगरांवर बसण्याचे काही कारणच नव्हते.

या दोन्ही तालुक्यांत दर दहा माणसांतील नऊंहून अधिक आदिवासी आहेत. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशा त्यांच्या जमाती. कॅथलिक कुटुंबे विरळ व अलीकडची. वसईच्या दृष्टीने पाहणाऱ्यास येथे धर्मशिक्षणाची 'सुरुवात' करावयाची आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. ही दृष्टी अपुरी आहे. धर्मशिक्षणाच्या दृष्टीने येथील घर रिकामे नाही. वारली मूल हिरवा, हिमाय, नारनदेव, वाघदेव यांची नावे पाठांतराने शिकत नाही. कणसरी म्हणजे धान्याची देवी, हे त्याला कोणी प्रश्नोत्तरांतून सांगत नाही. लग्नात भिंतीवर चौक लिहिला जात असताना ते जवळ उभे असते. धवलेरी गाणी म्हणत लग्न लावते तेव्हा ते ऐकत असते. नवे धान्य देवाला दिल्याखेरीज कोणी खात नाही, हे ते पाहते. मोखाडा-जव्हारकडील बोहाड्यात रात्रभर मुखवटे नाचतात तेव्हा देवदेवतांची सारी कथा त्याच्या डोळ्यांपुढून जाते. १७३९ नंतरच्या वसईत आपण घरगुती शिक्षणाचे जे लक्षण पाहिले, म्हणजे बोली, पुनरावृत्ती, हंगाम आणि वडीलधाऱ्यांचा सहवास, ते सर्व येथे आहे. फक्त त्याचा आशय निराळा आहे.

म्हणून जव्हार-मोखाड्यातील कॅथलिक मुलाची स्थिती वसईच्या आजच्या मुलासारखी नसून १५४४ च्या पत्रातील मुलाच्या जवळची आहे. त्याला चर्चमध्ये जे मिळते ते घरी नेऊन पोहोचविणारे तेच पहिले माणूस असण्याचा संभव असतो. आणि त्या पत्रातील धोकाही येथे संभवतो. मुलाला आजीचा न्यायाधीश बनविणारे शिक्षण कदाचित प्रार्थना देईल. परंतु प्रार्थना ज्या नात्यांत रुजावयाची ती नाती तोडील.

याला आणखी तीन परिस्थितींची जोड आहे.

पहिली स्थलांतराची. नाचणी, वरई व भात यांच्या एका पावसाळी पिकावर येथील कुटुंबाचे वर्ष निघत नाही. दसरा-दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर जातात. काही होळीला परत येतात, काही थेट पावसाच्या तोंडावर. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी येथील उपासमार साऱ्या महाराष्ट्रापुढे आणली. हे स्थलांतर त्याच दारिद्र्याची दुसरी बाजू आहे. आता चर्चच्या पंचांगाकडे पाहावे. आगमनकाळ, नाताळ, उपवासकाळ, पुनरुत्थानाचा सण हे सारे डिसेंबर ते एप्रिल या महिन्यांच्या आसपास येतात. म्हणजे चर्चचे वर्ष जेव्हा सर्वांत भरलेले असते, नेमके तेव्हाच गाव रिकामे असते. मूल गावी असते ते पावसाळ्यात, आणि पावसाळा हा त्या पंचांगातील बहुतांशी सामान्य काळ. वसईच्या शेतकऱ्याने आपला हंगाम व चर्चचे वर्ष यांची सांगड आगेऱ्याने घातली. गोव्यात 'नोवें' आणि मंगळूरकडे सप्टेंबरातील 'मोंती' हे सणही नव्या धान्याशीच जोडलेले आहेत. जव्हार-मोखाड्यात धर्मग्रामाचे केंद्र नाताळापेक्षा नव्या धान्याच्या दिवसांत शोधावे लागेल, असा या पुराव्याचा स्वाभाविक कल आहे.

दुसरी परिस्थिती निवासी शिक्षणाची. येथील पुष्कळ मुले आश्रमशाळांत राहून शिकतात. घर आणि मूल यांच्यात वर्षाचे बरेच महिने अंतर पडते. अशा मुलाला घडविण्याचा मोह कोणत्याही संस्थेला, मग ती धार्मिक असो वा शासकीय, होऊ शकतो. येथे संविधानाची मर्यादा स्पष्ट आहे. अनुच्छेद २८ नुसार पूर्णतः शासकीय निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. शासनमान्य वा अनुदानित संस्थेत शिकणाऱ्या अल्पवयीन मुलास पालकाच्या संमतीखेरीज धार्मिक शिक्षणास वा उपासनेस उपस्थित राहावयास लावता येत नाही. १९८३ च्या चर्चच्या धर्मविधिसंहितेतील ८६८ वा नियमही मुलाच्या स्नानसंस्कारास आईबापांपैकी निदान एकाची संमती आवश्यक मानतो आणि मुलाचे संगोपन कॅथलिक धर्मात होईल अशी साधार आशा असावी, असे सांगतो. तेव्हा राज्याचा कायदा आणि चर्चचा कायदा दोन्ही एकाच ठिकाणी येऊन थांबतात: घराच्या उंबरठ्यावर. १५५९ च्या राजाज्ञेने जो उंबरठा ओलांडला होता, तो आता दोन्ही बाजूंनी राखलेला आहे.

तिसरी परिस्थिती भाषेची. मराठी मिस्सा वसईच्या मुलाला जवळची वाटली, कारण प्रमाण मराठी त्याच्या शाळेची व वाचनाची भाषा होती. वारली वा कोकणा बोलणाऱ्या लहान मुलाला तीच मराठी दूरची असते. या बाबतीत याच जिल्ह्यातील एक उदाहरण धार्मिक क्षेत्राबाहेरचे असूनही फार बोधप्रद आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. मूल शाळेत येत नाही असे दिसताच त्यांनी बालवाडी मुलाच्या अंगणात नेली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, आणि शिंपले, बिया, पाने यांनाच साधने केले. मूल जेथे आहे तेथे, घरच्या माणसांच्या डोळ्यांदेखत, त्याच्या शब्दांत शिकविणे हे त्यांचे सूत्र होते. अशा अंगणात आजी दूर राहत नाही. ती ऐकत असते, प्रसंगी दुरुस्तीही करते.

७. समारोप

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष काढता येतात.

पहिला असा की, उत्तर कोकणातील कॅथलिक परंपरेचे श्रेय केवळ पोर्तुगीज सत्तेला वा केवळ धर्मगुरूंना देणे पुराव्याला धरून नाही. सत्तेने व धर्मगुरूंनी शब्द दिले. ते शब्द दोन शतके जिवंत ठेवण्याचे काम घरांनी, विशेषतः घरातील स्त्रियांनी, आपल्या बोलीत केले. या स्त्रियांची नावे कोणत्याही दफ्तरात नाहीत. म्हणून बोलीतील प्रार्थना, क्रुसापुढील गीते, आगेऱ्याच्या व लग्नाच्या आठवणी यांचे संकलन हे या क्षेत्रातील संशोधकाचे तातडीचे काम आहे. ज्यांना त्या मुखोद्गत आहेत त्या पिढीबरोबर हा पुरावा नष्ट होत चालला आहे.

दुसरा असा की, धर्मग्राम व घर ही एकमेकांची पर्यायी साधने नव्हेत. प्रश्नोत्तराचे पुस्तक आणि ओव्यांचे पुराण यांची गरज स्टीफन्सला एकाच वेळी भासली, ती याच कारणाने. वसईतील आजचा प्रश्न वर्ग कमी असल्याचा नाही. वर्गात दिलेला शब्द ज्या घरात रुजावयाचा ते घर बदलल्याचा आहे. आठवड्याचा एक तास कितीही चांगला घेतला, तरी तो रोजच्या संध्याकाळची जागा घेऊ शकत नाही.

तिसरा निष्कर्ष जव्हार-मोखाड्याविषयी आहे. तेथे घर आधी, मूल मागून, हा क्रम पाळला नाही तर इतिहासाने एकदा केलेली चूक पुन्हा होण्याचा संभव आहे. आईबापांशी संवाद, त्यांच्या बोलीचा स्वीकार, त्यांच्या हंगामाशी जुळणारे पंचांग आणि त्यांची मोकळी संमती यांवर उभारलेले शिक्षण सावकाश पुढे जाईल, कदाचित फार थोड्यांपर्यंत पोहोचेल. परंतु वसईच्या उदाहरणावरून दिसते की राजसत्ता, मठ व संस्था गेल्यानंतर जे उरते ते याच प्रकारचे शिक्षण असते. जव्हार-मोखाड्यातील नवी कॅथलिक कुटुंबे पुढील दोन पिढ्यांत आपल्या मुलांना कोणत्या बोलीत आणि कोणत्या सणाच्या निमित्ताने धर्म सांगू लागतात, याचे निरीक्षण आजच आरंभिले, तर वसईच्या बाबतीत इतिहासकाराला जे अनुमानाने जोडावे लागले ते येथे प्रत्यक्ष नोंदीने हाती येईल.